थंडी कुठून शिरते ते बघ

मने, काल तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते, म्हणून नुसतं "बघू गं" म्हणून ठेवून दिला. "ताई, यंदा संक्रांतीला बारा जणांना काहीतरी द्यायचंय, हातात दोन हजार आहेत, पटकन सांग," असं तू एका दमात म्हणालीस. पटकन सांगण्यासारखं असतं तर कालच सांगितलं असतं. आता जेवणं आटोपलीत, ओटा पुसून झालाय, आईची ती विटकी शाल पायांवर घेऊन बसले आहे. सावकाश सांगते. फक्त यादी मागू नकोस. यादी हातात पडली की तू थेट तुळशीबागेत शिरशील आणि दोन तासांनी बारा सारख्या पिशव्या घेऊन बाहेर येशील. तुला मी ओळखून आहे, आणि हा पराक्रम तुझ्या आधी मीच करून बसले आहे.

लग्नानंतरची माझी दुसरी संक्रांत होती. नाशिकच्या मेनरोडवरून डझनाच्या भावाने चाळीस साबणदाण्या आणल्या. गुलाबी, झाकणाच्या, तळाला जाळी. प्रत्येकीत हलव्याची बारकी पुडी घातली, वर लोकरीचा धागा बांधला. हळदीकुंकू झोकात झालं. दोन वर्षांनी पलीकडच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गेले, तर वाण म्हणून हातात आली गुलाबी साबणदाणी. घरी येऊन झाकण उघडते तर आत माझीच पुडी, माझ्याच हाताने दुमडलेली, आणि हलवा अजून तस्साच टणक! ती किती घरं फिरून आली होती देव जाणे. दोन वर्षांत एकीलाही ती उघडून बघावीशी वाटली नव्हती. मला आधी राग आला, मग लाज वाटली. चाळीस जणींसाठी वाण आणताना मी तरी त्यांतल्या कुणाकडे बघितलं होतं?

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. मार्गशीर्षाचे गुरुवार सुरू झाले की मी आपल्या माणसांकडे जरा निरखून बघायला लागते. थंडी प्रत्येकाच्या घरात, अंगात वेगळ्या फटीतून शिरते. कुणाच्या टाचेतून, कुणाच्या कानातून, कुणाच्या रिकाम्या झालेल्या पलंगावरून. ती फट सापडली की काय द्यायचं याचा विचारच करावा लागत नाही.

आपलं निफाड आठव. पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात आपल्या गावाचं नाव यायचं आणि तुला त्याचं कोण कौतुक! अण्णा मात्र पहाटे तीनला कानटोपी चढवून बागेत. बांधाबांधाने शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर पसरू द्यायचा, ठिबक चालू करून मुळांना विहिरीचं पाणी द्यायचं. द्राक्षाचे मणी तडकायला लागले की वर्षाची कमाई गेली, म्हणून कुठल्या ओळीला गारठा जास्त लागतो हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता यायचं. आणि त्याच घरात आईच्या टाचा अशा फुटायच्या की गोधडीचे दोरे त्यांत अडकायचे. ती रात्री कण्हत पाय ओढून घ्यायची, आपण "आई, झोप ना" म्हणून कूस बदलायचो. मण्यांचे तडे सगळ्या घराला दिसायचे. टाचांचे कुणालाच दिसले नाहीत, मलाही नाही.

दिसले ते माझ्या मालवणच्या मैत्रिणीला. वसतिगृहात माझ्या खोलीत असायची ती. एकदा डिसेंबरात चार दिवस आपल्याकडे राहून गेली, तुला पेरू खायला शिकवला मीठ-मिरची लावून, तीच. त्या चार दिवसांत काही बोलली नाही. पुढच्या थंडीत आईच्या नावाने पुडकं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पांढरट पिवळा गोळा, मेणासारखा घट्ट. कोकम तेल! आमसुलं काढून उरलेल्या बिया कोकणात टाकून देत नाहीत; त्या वाळवून, फोडून, पाण्यात उकळल्या की वर जी चरबी येते ती गार झाल्यावर अशी घट्ट होते. सोबत चिठ्ठी होती: पळीत जरासं वितळवा, सोसवेल इतकं कोमट झालं की भेगांत सोडा, वर जुने मोजे घाला, आठ दिवस एकही रात्र चुकवू नका. आईने नाही चुकवली. त्या गोळ्याची किंमत तेव्हा वीस रुपयेसुद्धा नसेल. आई शेवटपर्यंत त्या मुलीचं नाव काढायची, आणि खरं सांगू, मला जरा लागायचं ते.

तर आता तुझ्या घरी येते. सासूबाईंना तुम्ही दोघांनी मागच्या वर्षी लोकरीचे मोजे दिलेत ना? घालतात का? नाही घालणार. त्यांच्या पायांत जोडवी आहेत, ती लोकरीत अडकतात. शिवाय त्या घरात सपाता घालतात आणि सपातेच्या अंगठ्यात साधा मोजा बसत नाही. म्हणजे मोजे घालायचे तर सपाता काढायच्या, आणि मग फरशी गार. हे सगळं त्या बोलून दाखवणार नाहीत, "छान आहेत गं" म्हणून कपाटात ठेवतील. अंगठा वेगळा असलेले सुती मोजे मिळतात, जरा सैल बघून दोन जोड घे. लोकरीच्या मोज्यांपेक्षा स्वस्तच पडतील.

सासऱ्यांना नवीन स्वेटर आणू नकोस. या वयाच्या पुरुषांची गंमत अशी असते की कपाटात चार नवे स्वेटर घडी करून ठेवलेले असतात आणि अंगात रोज तोच एक, कोपरांवर विरलेला, चेन अर्ध्यावर अडकणारा. अण्णांचंही तेच. "नवा आहे तो, लग्नाकार्याला राहू दे," म्हणायचे. लग्नं सगळी मे महिन्यात! मग मी एका वर्षी त्यांचा तो खाकी स्वेटर गुपचूप पिशवीत घालून नाशिकला आणला. नवी चेन बसवली, कोपरांना आतून मऊ कापड लावून रफू करून घेतलं, गळ्याची निघालेली वीण उचलून घेतली. शंभरच्या आत काम झालं. परत दिला तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती चेन वर-खाली, वर-खाली करत बसले. तू पण तेच कर. फक्त एका दिवसात परत आण, नाहीतर ते घरभर शोधत बसतील आणि आळ तुझ्या नवऱ्यावर येईल.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं मी तुला विचारणारच होते. सकाळी सातला त्या येतात, तुमच्या मोरीच्या नळाला गरम पाणी येतं की नाही? येत असेल तर तो नळ त्यांना दाखव आणि "मावशी, हेच वापरा" असं सासूबाईंच्या देखत सांग, म्हणजे नंतर विजेच्या बिलावरून कुणी त्यांना ऐकवणार नाही. येत नसेल तर एक बादली तापवून ठेव. थंडी सरेपर्यंत, रोज. याला वेष्टण लागत नाही आणि हे हळदीकुंकवात मिरवताही येत नाही. त्यावर साडी द्यायची तर दे. पण बर्फासारख्या पाण्यात हात घालायला लावून वर साडी द्यायची, हे मला नाही पटत बाई.

तुमच्या रात्रीच्या वॉचमन काकांना जुनी ब्लँकेट द्यायचा विचार करते आहेस, असं म्हणालीस. देताना एकदा स्वतः पांघरून बघ. तुला नकोशी झाली म्हणून त्यांच्याकडे जात असेल तर ती अडगळ झाली, भेट नव्हे. मी असते तर एक बरा थर्मास घेतला असता आणि रात्री झोपण्याआधी त्यात आल्याचा चहा भरून खाली पाठवला असता. दोनच्या सुमाराला जो गारठा पडतो ना, तेव्हा दुकानं बंद असतात. आणि ते केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन दार लावून बसत असतील तर त्यांना स्पष्ट सांग, बंद जागेत कोळशाच्या धुरातला विषारी वायू कळतही नाही आणि झोपेतच माणूस जातो. संकोच करू नकोस यात.

शेजारच्या काकूंना लाडू नकोत. त्यांना साखर आहे. सणाच्या दिवशी प्रत्येक घरातून आलेला गोड डबा बघून त्यांना काय वाटत असेल! त्यांच्यासाठी जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी कुट. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे, मग लाल तिखट, मीठ, जिरं आणि लसूण घालून भरड कुटायचे. मिक्सर फिरवलास तर थांबत थांबत फिरव, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भाकरीबरोबर महिनाभर पुरेल. काचेची रिकामी बरणी धुऊन उन्हात वाळवलेली हवी, ओलसर राहिली तर सगळी मेहनत वाया.

बाळंतीण मैत्रिणीचं जरा खुलवून सांगते, कारण तिथे तू नक्की गडबड करशील. बाळाची पहिली संक्रांत म्हणजे बोरन्हाण आलं, हलव्याचे दागिने आले. विकतचा संच घ्यायला तुझे निम्मे पैसे जातील. त्यापेक्षा हलवा विकत घे आणि दागिने घरी ओव. आई घरी हलवा करायची तो तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि पळीने थेंब थेंब पाक सोडत बोटांनी सतत हलवत राहायचं. एका बैठकीत होत नसे, तीन-तीन दिवस चालायचं ते. कोरड्या थंडीतच त्याला काटा चांगला धरतो, म्हणून पहाटे उठून बसायची. बोटांची टोकं लाल व्हायची. तेवढं तुझ्याच्याने होणार नाही, माझ्याही नाही. पण काळ्या कापडाच्या पट्टीवर हलवा दोऱ्याने टाचून मुकुट आणि बाजूबंद दोन संध्याकाळींत होतात. पट्टी आतून मऊ सुती घे, हलव्याचे काटे बाळाच्या कपाळाला टोचतात. दोरा दुहेरी घाल, म्हणजे दाणा सुटणार नाही. आणि एक अगदी मोठी बहीण म्हणून बजावते: वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्यावरून अख्खी बोरं, शेंगदाणे, हलवा असलं काही ओतू देऊ नका. हातात आलं की तोंडात जातं आणि घशात अडकतं. चुरमुरे ओता, फुलांच्या पाकळ्या ओता, बोरं भोवतीच्या मोठ्या पोरांना लुटायला ठेवा. फोटो तितकेच छान येतात.

त्या मैत्रिणीला स्वतःला मात्र सगळे विसरतील. बोरन्हाणाला प्रत्येक जण बाळासाठी काही घेऊन येतो, आई बिचारी उपाशीपोटी सगळ्यांना चहा देत असते. तिच्यासाठी अळिवाचे लाडू ने, सात-आठच, ताजे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून आटवायचे. खोबरं ओलं असल्याने ते टिकत नाहीत, म्हणून जास्त करू नकोस. आणि लाडू देऊन बाळाला तासभर सांभाळ. तेवढ्यात ती गरम पाण्याने न्हाईल, केस वाळवील.

दिल्लीतल्या आपल्या भाच्याला डिंकाचे लाडू पाठवायचे असतील तर माझा अनुभव ऐक. पहिल्या वर्षी मी सुंदर डबा भरून कुरिअर केला आणि त्याच्यापर्यंत पोहोचला तो लाडवांचा चुरा. बिचाऱ्याने चमच्याने खाल्ला, पण वसतिगृहात चमच्याने लाडू खाणारा म्हणून चिडवून घेतलं. आता मी प्रत्येक लाडू बटर पेपरात गुंडाळते आणि मधल्या फटी चुरमुऱ्यांनी गच्च भरते. लाडू हलत नाहीत, आणि वर चुरमुऱ्यांची भेळ होते. डिंक मात्र तुपात थोडा थोडा टाकून नीट फुलव. आत कच्चा राहिला तर दाताला असा चिकटतो की माणूस तुझी आठवण काढेल, पण भलत्या कारणाने.

आपल्या शाळेतल्या बाईंना पोस्टकार्ड टाक. हो, अजून मिळतं, पन्नास पैशांना. त्यांच्या दाराशी आता बिलांशिवाय काही येत नाही. पाठीमागे चार ओळी तुझ्या अक्षरात लिही. सुवाच्य लिही, त्या अजूनही शुद्धलेखन तपासतील.

आता मोठ्या आत्याचं. सगळ्यात शेवटी सांगते आहे कारण ते लांबेल.

आतोबा गेले त्याला तीन वर्षं होतील. पहिल्या थंडीत मी तिच्याकडे दोन रात्री राहिले, तेव्हा दिसलं की ती पलंगाच्या एका कडेला अंग चोरून झोपते आणि पलीकडची बाजू तशीच मोकळी ठेवते, अंथरुणासकट. रात्री झोपेत तिचा हात तिकडे जातो. गार चादर लागली की जाग येते, मग उठून बसते. रजई होती तिच्याकडे, चांगली जाड. पण तिला नुसतं ऊबदार काही नको होतं, हे मला तिथे राहिले म्हणून कळलं. फोनवर कळलं नसतं.

मी तिच्याकडून आतोबांचं एक जुनं धोतर आणि तिचं एक सुती पातळ मागून आणलं, "पुसायला फडकी हवीत" म्हणून. चक्क खोटं बोलले. पाच-साडेपाच मीटरचं पातळ दोनदा दुमडलं की चार पदर होतात, सव्वा मीटरच्या आसपास लांब-रुंद. पदरांच्या मध्ये धोतर घातलं, कडा आत वळवून घेतल्या आणि धावदोरा घालत बसले. आई शिकवायची तसं कडेने सुरुवात करून फिरत फिरत मध्यावर यायचं, म्हणजे आतलं कापड गोळा होत नाही. मोठी गोधडी घालायला घेतली असती तर होळी उजाडली असती. ही अंगावर ओढायची नव्हतीच, शेजारी ठेवायची होती. तरी महिना गेला. टाके वाकडेतिकडे आले, एका जागी तर माझं रक्तही लागलंय. खर्च? दोऱ्याची चार रिळं.

आत्याने घडी उलगडली, हात फिरवला. एका कोपऱ्यात मी धोतराचा काठ मुद्दाम बाहेर ठेवला होता. तो तिने अंगठ्याने चाचपला आणि मला म्हणाली, "फडकी म्हणे!" बाकी काही नाही. उठून चहा टाकायला गेली.

आणि त्याच आत्याला आपण हळदीकुंकवाला बोलवत नव्हतो, मने. मागच्या वर्षीपर्यंत. ती दोन दिवस आधी येऊन तिळाच्या वड्या थापायची, गुळाच्या पोळ्या लाटायची, आणि बायका जमल्या की स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची. कुणी तिला "आत जा" म्हणत नव्हतं, आणि "बाहेर ये" असंही म्हणत नव्हतं. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामपंचायतीत ठराव करून विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद केल्या, ते आपण दोघींनी पेपरात वाचून एकमेकींना पाठवलंही होतं, टाळ्यांच्या चित्रांसकट. एका गावाला जमलं आणि माझ्या दिवाणखान्यात जमेना! म्हणून गेल्या वर्षी पहिलं वाण मी तिच्या हातात दिलं, पहिलं कुंकू तिला विचारून तिलाच लावलं. दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. बघू देत. तिळगूळ घेतला की सगळ्यांचं तोंड बंद होतं, त्याच्यासाठीच तर असतो तो.

तुझं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही ठेव, पण तारीख ठरवताना आत्याला विचार आणि तुझ्या सासूबाईंना आधी सांगून ठेव. ऐनवेळी सांगितलंस तर त्या गांगरतील आणि अवघडलेपण आत्याच्या वाट्याला येईल. त्यांना समजवायचं अवघड वाटत असेल तर मला फोन दे, मी बोलते त्यांच्याशी.

मोजलंस का, बारा झाले नाहीत. उरलेले तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले ना? त्यांना कागदाच्या पुडीत तिळाच्या दोन-दोन वड्या पुरेत. ज्यांच्या घरची थंडी आपल्याला ठाऊकच नाही, त्यांच्यासाठी उगीच जीव कशाला पाखडायचा. वडीला चिक्कीचा गूळ घे, साधा घेतलास तर खुटखुटीत होणार नाही.

चल, साडेअकरा झाले, पाय गार पडले आता. आणि हो, मागच्या डिसेंबरात मेथीचे लाडू भरून पाठवलेला माझा पितळी कडीचा डबा अजून तुझ्याचकडे आहे. येताना आण. रिकामा आणू नयेस हे मी सांगायला नको, पण साखरेची चिमूट टाकून काम भागवू नकोस. माझे ओठ फुटलेत, गुडघा दुखतोय, आणि गेल्या महिन्यात तू दोनदाच फोन केलास. त्यातलं काय डब्यात भरायचं ते तू ठरव.